मतपरीक्षेचा वाद : काशी ते वाँटेज

1839 साली कलकत्त्याला एक छोटे संस्कृत पुस्तक छापून निघाले. नाव ‘मतपरीक्षा’. श्लोकांत रचलेला गुरुशिष्यसंवाद. शिष्य विचारतो, जगात इतके धर्म आहेत, त्यांतला खरा कोणता हे ओळखावे कसे? गुरू एकेक कसोटी सांगत जातो आणि अखेरीस ख्रिस्ती धर्म खरा, असा निर्वाळा देतो. पुस्तकाचा कर्ता जॉन म्यूर हा ग्लासगोचा, वयाच्या तिशीच्या आतला, ईस्ट इंडिया कंपनीच्या वायव्य प्रांतातला मुलकी अधिकारी. त्याच्या पुस्तकाला पुढच्या पाच-सहा वर्षांत तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली. त्यांतले दोघे मराठी होते. या वादात कोण जिंकले याची चर्चा त्या काळी पुष्कळ झाली असेल. मला त्याहून मोलाचे वाटते ते हे की, ज्यांनी ज्यांनी समोरच्याचे म्हणणे मनापासून ऐकले, त्यांच्यातला एकही वादाच्या आरंभी होता तसा शेवटी राहिला नाही.

हा वाद उभा राहिला तो काळ तसा तापलेला होता. 1813 च्या सनदेने कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली, आणि वीस वर्षांत बाजार, घाट, जत्रा अशा सगळ्या ठिकाणी पादरी उभे राहून बोलताना दिसू लागले. हातोहात पत्रके वाटली जात. त्या पत्रकांची भाषा बहुधा तुटून पडणारी असे. देवांची निंदा, मूर्तींची टर. लोकांकडून उत्तर मिळे ते हुर्यो किंवा चिखल. मुंबईत 1831 साली डॉ. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात जाहीर वाद झाला आणि दोन्ही बाजूंनी पुस्तिका निघाल्या, तेव्हा निदान एकमेकांचे मुद्दे कागदावर उतरले. पण काशीसारख्या ठिकाणी विद्वान पंडित या पादऱ्यांकडे ढुंकूनही पाहत नसत. देशी बोलीत, रस्त्यावर, अर्धवट माहितीवर चाललेल्या बडबडीला शास्त्र म्हणून कोण विचारणार?

म्यूरच्या हे ध्यानात आले होते. पंडिताशी बोलायचे तर त्याच्या भाषेत, त्याच्या रीतीने बोलावे लागेल. त्याच्या आधी कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजातल्या विल्यम हॉज मिल यांनी ख्रिस्तचरित्रावर ‘ख्रिस्तसंगीता’ नावाचे संस्कृत काव्य रचून ती वाट दाखवली होती. म्यूरने काव्याऐवजी वादग्रंथ लिहिला. त्याच्या डोक्यात विल्यम पेली या इंग्रज धर्मशास्त्रज्ञाची शिकवण मुरलेली होती : धर्म खरा की खोटा हे पुराव्याने ठरते. म्हणून त्याने तीन कसोट्या मांडल्या. धर्मसंस्थापकाच्या अंगी चमत्कार करण्याचे सामर्थ्य असावे, धर्मग्रंथ पवित्र असावा, आणि तो सगळ्या मानवजातीसाठी असावा. ज्या वेदांच्या अध्ययनाचा अधिकार सगळ्यांना नाही ते या तिसऱ्या कसोटीला कसे उतरणार, हा त्याचा रोख होता. तो मुद्दा बोचणारा होता, आणि पोकळ नव्हता.

पण संस्कृतात लिहायला घेतले की एक गोष्ट आपोआप गळ्यात पडते. शास्त्रार्थाच्या रीतीत आधी पूर्वपक्ष मांडावा लागतो. प्रतिपक्षाचे म्हणणे त्यालाही मान्य होईल इतक्या नेटकेपणाने सांगावे, मगच खंडनाला हात घालावा. म्यूरच्या पहिल्या पुस्तकात हा पूर्वपक्ष फारच कच्चा होता. तो कच्चेपणा दाखवून द्यायला पंडित पुढे आले.

पहिले उत्तर त्याच वर्षी, 1839 मध्ये आले : ‘मतपरीक्षाशिक्षा’. लेखकाचे नाव सोमनाथ. हे सोमनाथ म्हणजे माळव्यातल्या सीहोरचे सुबाजी बापू, असे अभ्यासक मानतात. सीहोरला भोपाळ दरबाराकडचा कंपनीचा पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन राहत असे. त्याने तिथे संस्कृत पाठशाळेला उत्तेजन दिले होते आणि त्याची एक मोठी अजब कल्पना होती. कोपर्निकसचे खगोलशास्त्र हिंदुस्थानात रुजवायचे तर इंग्रजी पुस्तकांमागे न लागता भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’पासून आरंभ करावा, पृथ्वी गोल आहे हे त्यांनी सांगून ठेवलेलेच आहे, तिथून पुढचे पाऊल पंडित आपणच टाकतील. सुबाजी बापूंनी ते पाऊल टाकले. 1836 साली त्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ मराठीत छापला गेला. पुराणांतल्या सपाट पृथ्वीपेक्षा सिद्धान्तांतली गोल पृथ्वी खरी, आणि सिद्धान्तांच्याही पुढे जाऊन सूर्य स्थिर व पृथ्वी फिरती हे खरे, असे एका मराठी शास्त्र्याने मराठीत लिहिले. जुने ते सोडायचेच नाही अशा हट्टाचा हा माणूस नव्हता, हे यावरून दिसते.

म्हणूनच म्यूरला त्यांनी दिलेले उत्तर मोलाचे आहे. त्यात राग जवळपास नाही. तुमचा धर्म खोटा, असे ते म्हणतच नाहीत. तुमचा धर्म तुमच्यासाठी ईश्वराने दिला, आमचा आमच्यासाठी. ज्याची जशी पात्रता तसा त्याचा मार्ग, आणि दुसऱ्याच्या मार्गाची निंदा करणे हेच पाप, असा त्यांचा सूर आहे. आज हा युक्तिवाद इतका ओळखीचा झाला आहे की त्याची धार जाणवत नाही. पण म्यूरपुढे मोठीच अडचण उभी राहिली. भूगोल-खगोलात सुबाजींनी पुरावा पाहून मत बदलले होते. तोच माणूस धर्माबाबत मात्र पुराव्याची कसोटीच चुकीच्या जागी लावली जात आहे असे सांगत होता. अडाणीपणाने हिंदू आपल्या धर्माला चिकटून आहेत, ज्ञान आले की तो गळून पडेल, ही त्या काळच्या बहुतेक मिशनऱ्यांची ठाम समजूत होती. तिला सीहोरच्या या एका शास्त्र्याने तडा दिला.

दुसरे उत्तर 1840 मध्ये कलकत्त्याच्या हरचंद्र तर्कपंचानन यांचे. ते तिखट होते. तुमचेच शस्त्र तुमच्यावर, असा त्यांचा पवित्रा. पुराणातले चमत्कार हास्यास्पद असतील तर बायबलातले कसे नाहीत, असा रोकडा सवाल.

तिसऱ्या उत्तरापाशी मात्र थांबायला हवे. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ 1844 च्या सुमारास काशीत लिहिला गेला आणि लिहिणारा जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. नीळकंठ शिवराम गोरे. कोकणस्थ ब्राह्मण कुटुंब, पण बुंदेलखंडात स्थिरावलेले. बांद्याच्या नवाबाच्या, म्हणजे बाजीराव-मस्तानीच्या वंशजांच्या चाकरीत घराण्याचा मान होता. नीळकंठाचा जन्म झाशीजवळ 1825 सालचा, वाढ आणि शिक्षण काशीत. घर शैव, पण या मुलाने आपल्या विचाराने विष्णुभक्ती पत्करली होती. मिळालेले जसेच्या तसे घ्यायचे नाही, हा स्वभाव तेव्हापासूनचा.

त्याच्या ग्रंथातला एक भाग आजही वाचणाऱ्याला हलवतो, आणि तो चमत्कारांविषयीचा नाही. तो दुःखाविषयीचा आहे. नीळकंठशास्त्री विचारतात : नुकते जन्मलेले मूल वेदनेने तळमळते, जनावरे आयुष्यभर यातना भोगतात, यांनी काय केले? पूर्वजन्म मानला तर उत्तर सापडते. तो मानायचा नाही आणि ईश्वर न्यायी व दयाळू आहे असेही म्हणायचे, हे जमवायचे कसे? आणि याहून अवघड प्रश्न : माणसाचे आयुष्य चार दिवसांचे, त्यात केलेल्या पापाला कधीच न संपणारा नरक, हा कुठला न्याय? ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नावही कधी पडले नाही त्यांचे काय? बायबल वाचल्याशिवाय हे प्रश्न असे विचारता येत नाहीत. खंडन करायचे म्हणून त्यांनी ते वाचले होते. (हा ग्रंथ पूर्ण स्वरूपात छापून यायला 1951 साल उजाडले, उज्जैनच्या सिंधिया प्राच्य संस्थेने सदाशिव कात्रे यांच्या संपादनाखाली तो काढला.)

याच सुमारास, 1844 मध्ये, म्यूरही काही काळ काशीच्या संस्कृत पाठशाळेचा प्रमुख होता. पण नीळकंठशास्त्र्यांच्या आयुष्याला वळण लागले ते पंडिती म्यूरमुळे नाही. ते सिग्रा भागातल्या चर्च मिशनच्या विल्यम स्मिथ या साध्या पादऱ्यामुळे. स्मिथ वर्षानुवर्षे काशीच्या बाजारात उभा राहून बोलत आला होता. शास्त्रीबुवा त्याच्याकडे गेले ते त्याला निरुत्तर करायला. स्मिथ संस्कृत शास्त्रांत त्यांच्या पासंगालाही पुरणारा नव्हता आणि त्याला ते ठाऊक होते. तो वादात जिंकायच्या फंदात पडला नाही. त्याने या तरुणाचे आक्षेप ऐकून घेतले, जमेल तेवढी उत्तरे दिली, वाचायला पुस्तके दिली आणि त्याच्यासाठी दार उघडे ठेवले. भेटी वाढत गेल्या. डोंगरावरच्या प्रवचनाने आधी मनाची पकड घेतली, मग एकेक आक्षेप ढिला होत गेला. हे सगळे तीनएक वर्षे चालले होते.

बायबलातल्या नीतिसूत्रांत, ऐकून घेण्याआधीच जो उत्तर देतो त्याला मूर्ख ठरवले आहे. ते वचन पाठ असलेले मिशनरी तेव्हा गावोगाव होते. तसे वागणारा स्मिथसारखा विरळा. ज्याला त्याने वाट दिली तो त्याच्याहून विद्वान होता, त्याच्या धर्माविरुद्ध ग्रंथ लिहून बसला होता. अशा माणसासमोर वर्षानुवर्षे न चिडता बसणे याला मी शहाणपण म्हणेन, आणि ते ख्रिस्ती शहाणपण आहे असेही म्हणेन, कारण स्मिथला ते त्याच्या श्रद्धेतूनच आले होते.

14 मार्च 1848 रोजी नीळकंठशास्त्र्यांचा बाप्तिस्मा झाला. काशीत नाही, जौनपूरला. काशीत हे उघडपणे करणे कठीण होते. नवे नाव नेहेम्या. घर तुटले, नातलग तुटले. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आली, पण 1853 मध्ये मुलीच्या जन्मानंतर थोड्याच काळात वारली. ती मुलगी, एलन लक्ष्मी, परक्यांच्या घरी वाढली. समोरच्याचे ऐकण्याची किंमत केवढी असू शकते, हे या घराने भरून दाखवले. चार दशकांनंतर, 1890 साली, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांपर्यंतच्या मंडळींवर ग्रामण्य आले. तेव्हा 1848 च्या काशीत काय झाले असेल याचा अंदाज करता येतो.

ही हकिकत इथेच संपवली तर ती मिशनच्या वार्षिक अहवालात शोभेल अशी विजयकथा होते. पण तिचा दुसरा धागा म्यूरचा आहे आणि तो उलट्या दिशेने जातो. उत्तरे आली तसा म्यूर पुन्हा संस्कृत ग्रंथांकडे वळला. ‘मतपरीक्षा’ त्याने पुन्हापुन्हा लिहिली, वाढवली. 1853 मध्ये नोकरी सोडून तो एडिंबरोला गेला आणि मग वेद, ब्राह्मणे, महाभारत यांत बुडाला. 1858 पासून त्याच्या ‘ओरिजिनल संस्कृत टेक्स्ट्स’चे खंड निघू लागले, मूळ वचने आणि त्यांचा अनुवाद शेजारी शेजारी. 1862 मध्ये त्याने स्वतःच्या पैशाने एडिंबरो विद्यापीठात संस्कृतचे अध्यासन उभे केले. 1869 साली लोरिन्सर नावाच्या जर्मन विद्वानाने भगवद्गीतेने नव्या करारातून उसनवारी केली आहे असा दावा केला. तीस वर्षांपूर्वीच्या म्यूरने तो आनंदाने उचलून धरला असता. आताच्या म्यूरने साम्यस्थळे एकेक करून तपासली आणि तो दावा त्याला पटला नाही. माणसाच्या मनात असे विचार कुठेही आपले आपण उगवू शकतात, अशा मताकडे तो झुकला. 1879 मध्ये आलेल्या त्याच्या पद्यानुवादांच्या पुस्तकात महाभारतातली नीतिवचने आणि बायबलातली वचने एकमेकांच्या सोबतीने येतात. तो शेवटपर्यंत ख्रिस्तीच राहिला. फक्त दुसऱ्याच्या ग्रंथात पावित्र्य नाही, ही त्याची दुसरी कसोटी त्यानेच हळूहळू मागे घेतली. सीहोरच्या सुबाजींना हे वाचायला मिळाले असते तर बरे झाले असते, असे मला फार वाटते.

इकडे नेहेम्या गोरे 1854 मध्ये महाराजा दलीपसिंगाबरोबर इंग्लंडला गेले. तिथे त्यांची गाठ मॅक्सम्युलरशी पडली आणि त्याने त्या भेटीची आठवण लिहून ठेवली आहे. गोरे उद्ध्वस्त मनःस्थितीत होते. लंडनची दैन्यावस्था, दारू, बाजारूपणा पाहून त्यांना धक्का बसला होता. ज्या करुणेच्या शिकवणीसाठी घरदार सोडले तिच्या मुलखात ती कुठे दिसेना. इथे दिसते तेच ख्रिस्तीपण असेल तर आपण ख्रिस्ती नाही, अशा अर्थाचे काही ते बोलले. काशीत मिशनऱ्यांना हिंदू समाजावर बोलताना त्यांनी ऐकले होते. आता ख्रिस्ती समाजाला तीच मोजपट्टी लावणारा माणूस ख्रिस्ती गोटातलाच निघाला.

परत आल्यावर 1860 साली त्यांनी हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिले. फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन पंडिताने 1862 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला. हे सहा दर्शनांचे खंडन आहे, कडक आहे, आणि हिंदू वाचकाला ते झोंबणारच. पण त्याची घडण पाहण्यासारखी आहे. सांख्य, न्याय, वेदान्त यांचे सिद्धान्त आधी त्यांच्याच परिभाषेत, त्यांच्याच ग्रंथांच्या आधाराने मांडलेले; तुटून पडणे त्यानंतर. म्यूरच्या पहिल्या पुस्तकात जो पूर्वपक्ष कच्चा होता, तो इथे पक्का झाला, कारण लिहिणारा कधीकाळी त्याच बाजूला उभा राहून लढला होता. आणि हिंदू भक्तीची अनन्यता, वैराग्य, नम्रता यांनीच आपल्या लोकांच्या मनाची ख्रिस्तासाठी मशागत केली, असेही ते पुढे आग्रहाने लिहीत राहिले. सोडून आलेल्या घराबद्दल इतक्या कृतज्ञतेने बोलणारा धर्मांतरित त्या काळात सहसा दिसत नाही.

त्यांचे मन मात्र कधी पुरते निवांत झाले नाही. अनंत नरकाचा जो प्रश्न एकोणीस वर्षांच्या नीळकंठाने मिशनऱ्यांना टाकला होता, तो त्यांच्यासोबत चर्चमध्ये आला. त्यावर पुढे त्यांना स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली, आक्षेपांना उत्तर म्हणून. उत्तर देणारेही तेच आणि मूळ आक्षेपकांपैकी एकही तेच. शंका त्यांना आयुष्यभर छळत राहिल्या, हे त्यांचे चरित्रकारही लपवत नाहीत. मला हे अपयश वाटत नाही. ज्याने आपला जुना प्रश्न बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडवून टाकला नाही, त्याच्याच उत्तराला दुसरा प्रश्नकर्ता किंमत देतो.

असा प्रश्नकर्ता त्यांना पुण्यात भेटला. 1870 च्या दशकात फादर गोरे मुंबई-पुण्याकडे काम करू लागले होते. 1875 साली मुंबई-पुण्यातल्या ब्राह्म विचाराच्या मंडळींपुढे दिलेली त्यांची चार व्याख्याने छापून निघाली. समोर रानडे-भांडारकरांच्या प्रार्थनासमाजाचा काळ होता आणि एकेश्वर मानूनही ख्रिस्त न मानणाऱ्यांशी हा संवाद होता. मग पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. संस्कृत पुराणे मुखोद्गत, विधवा, पदरी लहान मुलगी, ब्राह्म मताकडे झुकलेल्या. गोऱ्यांशी त्यांचे बोलणे झाले. 1883 मध्ये त्या इंग्लंडात वाँटेजच्या जोगिणींकडे गेल्या, तेव्हाही आपण ख्रिस्ती होणार नाही अशीच त्यांची भूमिका होती. ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त असल्याचा पुरावा काय, या विषयावर गोऱ्यांनी भारतातून लिहून पाठवले, आणि रमाबाईंच्या बुद्धीचे अडसर त्याने दूर झाले. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. गोऱ्यांच्या नम्र, गोड वाणीचा ऋणनिर्देश त्यांनी मोकळ्या मनाने केला आहे.

पण गोऱ्यांचे ऐकले म्हणून रमाबाई त्यांची सावली झाल्या नाहीत. गोरे इंग्लिश चर्चच्या कडक परंपरेतले. चर्चने सांगितलेले सिद्धान्त त्यांना अखंड मान्य. रमाबाईंनी वाँटेजला त्रैक्याच्या सिद्धान्तावर, चर्चच्या अधिकारावर प्रश्न विचारायला सुरुवात केली. तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांना हा गर्व वाटला आणि त्यांनी तसे लिहून कळवले. आपल्या सदसद्विवेकबुद्धीवर दुसऱ्याची सत्ता मानणार नाही, असे रमाबाईंनी उलट टपाली स्पष्ट केले. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकत आणि संस्कृत शिकवत होत्या. तिथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी आडकाठी घातली. तेही त्यांनी निमूट सोसले नाही.

त्या साऱ्या गदारोळात कॉलेजच्या प्राचार्या डॉरोथिया बील यांची वागणूक वेगळी उठून दिसते. बील स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती. त्यांनी रमाबाईंच्या शंकांना बंडखोरी म्हटले नाही. पत्रांतून मुद्द्यागणिक उत्तरे दिली, आणि या बाईला आज्ञा करून चालणार नाही, तिला तिच्या वाटेने विचार करू द्या, असे इतरांना समजावले. दोघींचे सगळ्या मुद्द्यांवर एकमत झाले नाही. 1886 च्या आरंभी आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्या ख्रिस्ती होत्या, कुठल्याही एका चर्चच्या मात्र पुरत्या झाल्या नव्हत्या. पुढे मुंबईला शारदासदन उघडताना त्यांनी तिथल्या हिंदू विधवांवर धर्माची सक्ती होणार नाही, प्रत्येकीला आपापला आचार पाळता येईल, असा नियम केला.